लोकरीतला फरक

दोघा भावांनी गेल्या वर्षी भांडून मेंढ्यांचा कळप वाटून घेतला आणि तेव्हापासून बोलणंच टाकलं. यंदाची कातरणी झाल्यावर मात्र दोघांनीही आपापल्या लोकरीचा नमुना एकाच ठिकाणी पाठवला. लोकर तपासणी केंद्रात त्यांची बहीण कामाला होती.

तिने सूक्ष्मदर्शकाखाली तंतू मोजले, लोकर धुऊन, वाळवून पुन्हा तोलली आणि आधी थोरल्याचं घर गाठलं.

"दादा, तुझी लोकर धुतल्यावर भरपूर उरते, पण तंतू जाड आहे. धाकट्याचा एडका आण, पुढची पैदास सुधारेल."

"का? बाकीचे एडके मेले का जगातले?"

"मोजलं ते सांगितलं. पुढे तुझी मर्जी."

मग ती धाकट्याकडे गेली. "तुझा तंतू रेशमासारखा आहे रे, पण धुतल्यावर हातात काही उरत नाही. दादाच्या मेंढ्यांशी जोड लाव."

बरेच दिवस दोघेही आपापल्या कळपामागे फिरत राहिले. शेवटी एका सकाळी धाकटा एडक्याची दोरी धरून थोरल्याच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. थोरल्याने फाटक उघडलं.

संध्याकाळी बहीण आली, तेव्हा दोघे कुंपणाला टेकून, कुठली मेंढी आधी सोडायची यावरून तावातावाने हुज्जत घालत होते. आत चहा गाळताना वहिनीने हळूच विचारलं, "वन्सं, खरंच एवढा फरक होता का हो लोकरीत?"

"एकाच कळपाची लोकर ती, वहिनी. फरक कुठून येणार?"