सहावा डोळा

"टोचतो तर टोचतो, वर मेला माझ्यापेक्षा तरुण दिसतो!" धाकटा कुरकुरला आणि खोटा डोळा काढून त्यानं भावाच्या तळहातावर ठेवला.

थोरला कृत्रिम डोळे घडवायचा. माणसाला वीतभर अंतरावर बसवायचं आणि त्याच्या चांगल्या डोळ्यात बघत बघत नव्या बुबुळाचा रंग मिळवायचा, अशी त्याची रीत. त्यानं केलेला डोळा खोटा आहे, हे लावणाऱ्याच्या घरच्यांनाही ओळखू येत नसे. सख्ख्या भावाचा डोळा मात्र तो दर वेळी जुन्यावर बेतून करायचा. आताचा सहावा. न मागता, वेळच्या वेळी.

"भावजींचं खोटं नाही हो," थोरल्याची बायको चष्मा सारखा करत म्हणाली. "त्यांच्या खऱ्या डोळ्याला कडेनं राखाडी झाक आलीय. हा आपला अजून पंचविशीतच! जरा त्यांच्याकडे बघून रंगवा की."

"नमुना आहे ना माझ्याकडे," थोरला खाली बघूनच म्हणाला.

धाकट्यानं खुर्ची पुढे ओढली आणि दिवा स्वतःच्या तोंडावर वळवला.

"या खेपेला बघून कर, दादा. नाहीतर राहू दे. मी पट्टी बांधून फिरेन, पण तुझ्या हातचा डोळा पुन्हा घेणार नाही."

थोरल्यानं कुंचला उचलला. भावाची भुवई पाहिली, कान पाहिला, गालावरचा तीळ पाहिला. कुंचल्याचा रंग टोकावरच वाळून गेला.

"मेली ती कुंपणाची तार!" बायको नेहमीसारखी हळहळली. आई जाऊन बारा वर्षं झाली, तरी तिनं शेजारपाजाऱ्यांना सांगितलेली ती तार या घरात सगळ्यांनी जपून ठेवली होती.

थोरल्यानं कुंचला खाली ठेवला. "मला नाही जमायचं."

"तार नव्हती, वहिनी," धाकटा म्हणाला. आवाज अगदी साधा, चहा मागावा तसा. "दादाची गलोल होती."

"पोरखेळ होता रे तो," थोरला म्हणाला. "नेम चुकला माझा."

"नेम कुठला चुकतोय! एक डोळा मिटून नीट धरला होतास. मी दोन्ही उघडे ठेवून बघत होतो."