पिवळी रेघ

"एकोणीसचा पाना," अण्णा गाडीखालून म्हणाले.

लताबाईंनी तो आधीच पुढे धरला होता. चौदाचा, सतराचा, एकोणीसचा, सगळे पाने आता त्यांच्या स्वयंपाकघरातल्या डावांइतकेच ओळखीचे झाले होते.

गाडी अण्णांनी स्वतः जुळवलेली. सातपूरच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला निघतात. अण्णांनी सुट्या भागांची अकरा खोकी मागवली आणि घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार वर्षं खपून त्यातून दोन सीटची लाल गाडी उभी केली. त्र्यंबक रोडला ती निघाली की बसमधली माणसं खिडकीतून माना काढून बघायची. शेजारच्या सीटवर लताबाई डोक्याला रुमाल बांधून अशा बसायच्या, जशी त्यांचीच मिरवणूक निघालीय. बसणारच की! आख्ख्या कॉलनीत दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याने गाडी घडवली होती?

पण आता मागचे शॉकअप गेले होते. खड्डा आला की गाडीचं बूड तीन-चारदा उडायचं. आणि अण्णांचे हात गेल्या दोन वर्षांपासून थरथरत होते.

त्यांचा मुलगा शेखर पिंपळगावला कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला. गेल्या रविवारी आला तेव्हा तो स्पष्टच बोलला. "अण्णा, कपातला चहा बशीत सांडतो तुमचा. तुम्ही गाडीचे नट आवळणार, नि त्या गाडीत आई बसणार? विकून टाका ती."

"शॉकअप मी बदलतो. मग बोल."

"ठीक आहे. पुढच्या रविवारी प्रफुल्लला घेऊन येतो. त्याचं गॅरेज आहे, त्याला कळतं. एक जरी नट ढिला निघाला तर गाडी विकायची. कबूल?"

"कबूल," अण्णा म्हणाले.

आज तोच रविवार. सकाळीच अण्णांनी जुने शॉकअप काढले. तेल गळून काळे पडलेले. दांडा दाबला की आत जायचा आणि वर यायचं नाव घ्यायचा नाही. "संपला यांचा दम," म्हणत त्यांनी ते कोपऱ्यात ठेवले. नवे बसवले. वर दोन नट, खाली दोन. मग गाडी जॅकवरून चाकांवर उतरवली.

"शेवटचं आवळणं वजन चाकांवर आल्यावरच. नाहीतर आतलं रबर पिळवटतं," ते म्हणाले. "जेवतो आणि आवळतो."

कामातले त्यांचे नियम असे कडक. कारखान्यातला एक तर त्यांनी घरातही आणला होता. ज्याने नट आवळला त्याने तो तपासायचा नाही. दुसऱ्याने पाना लावून बघायचं आणि मगच नटावर पिवळी रेघ ओढायची. कुकरच्या मुठीचा स्क्रू त्यांनी आवळला तरी बघायला लताबाईंना बोलवायचे. "अहो, डाळ शिजवायचीय, विमान नाही उडवायचं!" त्या म्हणायच्या.

जेवण झालं. अण्णांनी टॉर्कचा पाना घेतला. लताबाई दारातून बघत राहिल्या. नट हवा तेवढा घट्ट बसला की तो पाना 'कट्' असा वाजतो. आज तो वाजलाच नाही. हात थरथरायचा, पाना नटावरून निसटायचा.

"झालं," अण्णा म्हणाले. "रेघ उठल्यावर मारतो." आणि आत जाऊन आडवे झाले.

घोरणं ऐकू आलं तशी लताबाईंनी पदर खोचला.

दोन वर्षं हेच चाललं होतं. ब्रेक असो नाहीतर चाकं, अण्णांचं अर्धं राहिलेलं काम त्या गुपचूप पुरं करायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. फरशीवर आडव्या होऊन त्यांनी चाकामागून हात घातला आणि दात-ओठ खाऊन जोर लावला. कट्. दुसरीकडे, कट्. डिकी उघडून वरचे दोन. कट्, कट्. पाना पुसून परत खिळ्याला अडकवला. पोरासमोर अण्णांची मान खाली गेलेली त्यांना बघवली नसती, बस.

चारला अण्णा उठले, रंगाची डबी घेऊन शेडमध्ये गेले आणि खिळ्यावरचा पाना काढला. लताबाईंनी चहा टाकला. अण्णा बाहेर आले तेव्हा त्यांची बोटं पिवळी झाली होती.

पाच वाजता शेखर प्रफुल्लला घेऊन आला. प्रफुल्लने गाडीचं बूड दाबून सोडलं. ते एकदा वर आलं आणि जागच्या जागी थांबलं. मग तो आडवा झाला, एकेका नटाला पाना लावला. चारदा कट् वाजलं. नट केसभरही हलला नाही.

"शेखर, माझ्या गॅरेजमध्ये सुद्धा इतकं चोख काम होत नाही," तो कपडे झटकत म्हणाला. "मानलं अण्णा!"

शेखर खाली वाकून पाया पडला. "चुकलो, अण्णा. गाडी राहू द्या."

"काम चोखच आहे," अण्णा ताठ मानेने म्हणाले. लताबाईंचा ऊर भरून आला. गाडी राहिली, अण्णांचा मान राहिला. आणखी काय पाहिजे?

पोरं गेल्यावर त्यांनी वाकून बघितलं. नटावरची पिवळी रेघ नागमोडी झाली होती.

"रेघ जरा वाकडी आलीय हो," त्या हसून म्हणाल्या.

"येऊ दे. रेघ मारणाऱ्याचा हात थरथरला तर चालतं." अण्णांनी टॉर्कचा पाना खिळ्यावरून काढला आणि त्यांच्या हातात ठेवला. "अगं, चौतीस वर्षांच्या नोकरीत मी स्वतः आवळलेल्या नटावर कधी रेघ मारली नाही. या दोन वर्षांतही नाही."