थांबा म्हणणारा माणूस

बंब पुरता उभाही राहिला नव्हता, तोच एक माणूस हात वर करून आडवा आला.

"थांबा. इथं गाडी लावू नका."

ड्रायव्हर सोमनाथने सीटमागचं हिरवं जॅकेट ओढलं आणि खिडकीतून त्याच्या हातात दिलं. पाठीवर ठळक अक्षरं होती: सुरक्षा अधिकारी.

"वेळेवर आलात, साहेब," सोमनाथ म्हणाला.

माणसाने जॅकेटकडे पाहिलं, सोमनाथकडे पाहिलं, आणि ते अंगात चढवलं.

पथकप्रमुख कुंदनच्या कपाळाला आठी पडली. आगीच्या जागी आता असा एक अधिकारी हवाच, असा वरून हुकूम निघाला होता. तो पाइपाला हात लावणार नाही, शिडी धरणार नाही. नुसता बघणार, आणि धोका दिसला की थांबा म्हणणार. त्याने थांबा म्हटलं की प्रमुखानेही थांबायचं, नाहीतर निलंबन. गेल्या वर्षी एका आगीत सोमनाथच्या पायावर छप्पर आलं होतं, तो अजून लंगडत होता. त्यातून निघालेला हा हुकूम. नवा अधिकारी पेठहून बदलून आलाय, इंदिरानगरला राहतो आणि घरूनच परस्पर पोचेल, एवढंच कुंदनला कळवलं होतं. पोचला तो तोंडात थांबा घेऊनच.

अंबडमधला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना पेटला होता. कामगार सगळे बाहेर आले होते, पण मागच्या कुंपणाला लागून थिनरच्या पिंपांची शेड होती. आग तिथे गेली असती तर अर्धी गल्ली उडाली असती. मागे जायला जवळची वाट एकच, कारखान्याच्या भिंतीलगतचा मोकळा प्लॉट. आणि नेमका त्या प्लॉटच्या तोंडाशी, ताडपत्री बांधलेला एक टेम्पो जॅकवर उभा होता. एक चाक काढलेलं. शेजारी उपड्या क्रेटवर एक बाई बसली होती.

"सगळे लागा आणि टेम्पो बाजूला ढकला," कुंदन म्हणाला.

"थांबा. जॅकवरून घसरला तर उलटेल."

"उलटला तर उलटला."

"माणूस खाली येईल ना."

कुंदनने दात आवळले. माणसाचं म्हणणं बरोबर होतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता.

"ठीक आहे. पाइप टेम्पोच्या कडेने नेतो, भिंतीखाली दोघं उभे करतो आणि तिथून पाणी मारतो."

"पाणी? इकडं?" माणसाचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. "नाय. या बाजूला एक थेंब नको."

"साहेब, आम्ही आग पाण्यानेच विझवतो. पेठला काय वापरता?"

माणसाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. नजर फिरत फिरत भिंतीवर टेकली.

"ती भिंत," तो बोट दाखवून म्हणाला. बोटं पिवळी होती. कुठल्यातरी विझवायच्या नळकांड्यातली पावडर लागली असावी. "भिजली की जड होईल. पडेल."

"भेग कुठे आहे?"

"दिसली असती तर तुम्हीच थांबला असता."

सोमनाथ खोकला. हसू लपवायचं असलं की तो असाच खोकायचा.

कुंदनने राग बाईवर काढला. "मावशी, उठा इथून."

"साहेब म्हणतील तवा उठीन," ती जॅकेटकडे बघत म्हणाली आणि तोंडाला पदर लावला.

"राहू द्या तिला," माणूस म्हणाला. "ती कुणाचं ऐकणारी नाय."

एक काम मात्र त्याने चोख केलं. मोबाईल काढून जमलेली बघ्यांची गर्दी टेम्पोला रेलून उभी होती. पोलिसाला जमलं नसतं असं त्याने त्या सगळ्यांना पार रस्त्यापलीकडे हाकललं. ताडपत्रीला टेकलेल्या एकाला तर दंडाला धरून नेलं.

धूर काळा झाला. छतापलीकडे पहिली ज्वाळा दिसली.

"थिनर पेटलं ना," कुंदन त्याच्या तोंडाजवळ जाऊन म्हणाला, "तर रिपोर्टात पहिलं नाव तुमचं टाकीन."

"टाका. पण लय वेळ घालवताय. मागच्या रस्त्यानं वळसा घाला की."

कुंदनने वळसा घातला. वाटेभर तो बोलत होता, ते इथे लिहिण्याजोगं नाही. सकाळीच त्यांनी उद्याच्या पूजेसाठी बंब धुऊनपुसून चकचकीत केला होता. मागच्या रस्त्याच्या चिखलात तो चकचकाटही गेला. पण त्या बाजूने थिनरची शेड थेट समोर आली. त्यांनी आधी शेड भिजवली, मग आगीला तोंडावर घेतलं. ज्वाळा मागे सरकली आणि बसली.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला. जमीन हलली.

भिंत पडली होती. अख्खी, सरळ प्लॉटमध्ये. जिथे पाइप टाकायचा होता तिथे, जिथे दोघं उभे राहणार होते तिथे विटांचा ढीग होता. एक वीट घरंगळत टेम्पोच्या जॅकपाशी जाऊन थांबली होती.

सोमनाथ आपल्या दुखऱ्या पायाकडे बघत राहिला.

कुंदनने हेल्मेट काढलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याने कुणाची माफी मागितली नव्हती. शब्द जुळवत तो टेम्पोकडे निघाला, तर खिशातला फोन वाजला.

"कुंदनराव ना? मी भिमाजी, नवा सेफ्टी ऑफिसर. माफ करा हं. पाथर्डी फाट्यावर दसऱ्याच्या बाजाराने रस्ता तुंबलाय, मघापासून इथेच अडकलोय. माझं जॅकेट बंबात आलंय ना?"

कुंदनने समोर पाहिलं. जॅकेट टेम्पोच्या आरशाला टांगलेलं होतं. माणसाने ताडपत्रीचं टोक वर धरलं होतं आणि बाई आतल्या केशरी-पिवळ्या ढिगावरची राख पदराने हलकेच झटकत होती.

"या साहेब," तो पिवळी बोटं पँटला पुसत म्हणाला. "उद्या बंबाला हार लागंल ना? कोरडाठाक झेंडू हाय. एक थेंब लागू दिला नाय."