काळी तार

येसाजीनं मेन स्विच बंद केला आणि म्हणाला, "दाब, काकी."

जानकीबाईनं उशाजवळचं बटण दाबलं. पडवीतला भोंगा वाजला नाही. त्यानं स्विच चालू केला, तसा लगेच वाजला. बंद केला, पुन्हा मुका.

"कुशाबा सांगत होता ते खरं हाय. लाइट नसली की बोंबलत नाय मेला."

"बाप्या माणसासारखाच हाय. नको तेव्हा बोंबलतो," जानकीबाई म्हणाली. कंबर मोडल्यापासून ती अंथरुणातच होती. कुशाबा तिचा मुलगा, दिवसभर शेतात.

येसाजीनं भिंतीवरचा डबा उघडला. आत दोन सर्किटं होती, एक बटणाचं, एक भोंग्याचं. गेल्या उन्हाळ्यात त्यानं असे दोन डबे केले होते. पहिला मैनेसाठी, पक्षाघातानंतर त्याच्या बायकोला उठता येत नव्हतं. दुसरा या शेजारच्या काकीसाठी. खाली भाताच्या खाचरात मोबाइलला रेंज नाही, भोंगा मात्र ऐकू जातो. येसाजीनं पंधरा वर्षं मुंबईत टीव्ही दुरुस्त केले होते. कापडे गावात त्याच्या कामाला कोणी नावं ठेवत नव्हतं.

चूक त्याला लगेच दिसली. दोन्ही सर्किटांच्या काळ्या तारा एकमेकींना जोडलेल्याच नव्हत्या. लाइट असताना दोन्ही एकाच चार्जरवर चालत, म्हणून त्या तारा चार्जरमध्ये एक होत आणि भोंगा वाजे. लाइट गेली की दोन्ही चार्जरपासून सुटून आपापल्या बॅटरीवर जात. मग बटणाचा इशारा भोंग्यापर्यंत पोचतच नसे. दोन सर्किटं जोडायची तर आधी ग्राउंड, म्हणजे ही काळी तार, एक करायचा, हे तो दुकानात नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचा.

घरचा डबाही त्यानं असाच जोडला होता. लाइट असतानाच वाजवून बघितला होता.

मैना भाद्रपदात गेली, भर दुपारी. तो खाचरात तण बेणत होता. भोंगा वाजला नाही, म्हणजे झोपेतच गेली, असं सगळे म्हणाले. मुंबईच्या लेकीला, सेजलला, त्यानंही तेच सांगितलं. चार महिने त्याला घास गिळता येत होता तो एवढ्याच आधारावर.

"काकी," तो डब्याकडे बघतच म्हणाला, "मैना गेली त्या दुपारी लाइट होती ना?"

"तू आधी तार जोड."

त्यानं वीतभर काळी तार कापली. टोकं सोलली, दोन्हीकडे पिळली, टेप लावली. जानकीबाईनं बटण दाबलं. लाइट नसतानाही भोंगा वाजला. खालच्या खाचरातून कुशाबा "आलो गो आये" म्हणत धावत निघाला.

"होती ना लाइट?" येसाजीनं पुन्हा विचारलं.

जानकीबाईनं बटणावरचा अंगठा अजून काढला नव्हता.

"नव्हती रे येसा. ती तुला हाका मारीत होती, नि मी हेच बटण दाबत होते. ती गप होईस्तवर दाबत होते."