एकच फोटो

"एकच फोटो आणा म्हणालात की, बाई. एकच आणलाय," असं म्हणत नागव्वानं पदराखालून फोटो काढून टेबलावर ठेवला.

विजयमाला तो बघून चक्रावली. फोटोत दोन बायका होत्या. मागं पडद्यावर रंगवलेलं तळं, खुर्चीत नागव्वा आणि शेजारी तिची धाकटी बहीण बसम्मा, थोरलीच्या खांद्यावर हात टाकून उभी. टेबलापुढंही त्याच दोघी होत्या, त्याच लुगड्यांत.

विजयमाला नगरपालिका कचेरीच्या आस्थापना शाखेत बिनपगारी उमेदवार होती. कुणाला नेमायचं, कुणाला कायम करायचं ही कामं शिकायची आणि हेडक्लार्क आबासाहेबांनी शेवटी बरा शेरा दिला तर नोकरीची आशा धरायची. नागव्वा नगरपालिकेच्याच बाळंतपणाच्या दवाखान्यात आया होती, आणि आज कायम होणार होती. आणीबाणीचे दिवस. उद्यापासून दवाखान्याच्या दारावर ओळखपत्रावरचा फोटो आणि चेहरा ताडून बघितल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही, असा वरून हुकूम सुटला होता.

"अहो, फोटो तुमच्या एकटीचा हवा."

"एकटीचा कसा? काम दोघींचं हाय न्हवं," नागव्वा निवांतपणे म्हणाली. "आज मी जाते, उद्या बसम्मा. घरी राहील तिनं दोघींची पोरं बघायची. लई वर्सं झाली की."

"आणि हजेरीला नाव?"

"नागव्वा," दोघी एकदमच म्हणाल्या.

विजयमाला पेचात पडली. सांगावं तर दोघींच्या घरची चूल विझणार. न सांगावं तर आपण इथं शिकलो तरी काय? बरं, चोर म्हणावं तर चोर तोंड लपवतात, या तर चक्क फोटो काढून घेऊन आल्या होत्या.

"हे आबासाहेबांपुढं बोलू नका," ती कशीबशी कुजबुजली. तेवढ्यात आबासाहेब चहा पिऊन आलेच.

त्यांनी फोटो उचलला. "ही सोबतची कशाला हितं? काप तिला," असं म्हणून त्यांनी कात्री पुढं सरकवली.

नागव्वा काही बोलणार तोच विजयमालानं तिला डोळ्यांनी खुणावलं. मग तिनं जपून कात्री चालवली. तळ्याचे दोन तुकडे झाले. बसम्मा मनगटापासून सुटी झाली, पण तिचा पंजा नागव्वाच्या खांद्यावरच राहिला. तो काढायचा तर नागव्वाचा खांदाच कापावा लागला असता.

"हा हात कुणाचा गं?" ओळखपत्राच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या फोटोकडं बघत आबासाहेबांनी विचारलं.

"त्यांचाच," विजयमाला बोलून गेली.

"तीन हात?" आबासाहेब हसले. "आयाला तेवढं लागतातच म्हणा." त्यांनी अर्धा फोटोवर, अर्धा पुठ्ठ्यावर असा कचेरीचा गोल शिक्का मारला. आतून साहेबांची घंटी वाजली तसे ते लगबगीनं गेले.

शाई वाळायची होती. बसम्मा हातात आपला कापलेला तुकडा धरून ओळखपत्रावर वाकली. बघता बघता तिचा चेहरा खुलला.

"अक्का, शिक्का माझ्याच हातावर बसलाय की!"

तिनं आपला पंजा टेबलावर फोटोशेजारी पसरून ठेवला आणि विजयमालाकडं बघितलं.

"उद्या माझा दिवस हाय, बाई. दारावर ह्यो हात दावला की सोडतील न्हवं मला आत?"