घरोघरी तेच नाव

इमारत कोसळली त्या सकाळी ढिगाऱ्याखालून बारीकसा आवाज आला. अग्निशमन दलाच्या जवानाने सगळ्यांना गप्प केलं आणि फटीला तोंड लावून विचारलं, "बाळा, नाव काय तुझं?" आतून एकच नाव पुन्हा पुन्हा येत राहिलं.

संध्याकाळी ती चिमुरडी जिवंत बाहेर आली. तिच्या घरातलं दुसरं कोणीच वाचलं नाही. त्या वर्षी जन्मलेल्या कितीतरी मुलींना तेच नाव मिळालं. एका हाकेला चार-चार पोरी ओ द्यायच्या. पुढे नव्या नावांचं वारं आलं आणि ते नाव मागे पडलं.

ती आता शाळेत बाई आहे. काल तो जवान नातीला पहिलीत घालायला आला.

"सून म्हणाली, नाव जुनाट आहे. पण मी हट्टाने तुझंच ठेवलं, पोरी!"

नातीने विचारलं, "बाई, तुमचं नाव कोणी ठेवलं?"

बाईंचा चेहरा उतरला. त्या जवानाकडे वळल्या.

 

"काका, त्या दिवशी तुमचा प्रश्न मला ऐकूच आला नव्हता. मी शेजारी दबलेल्या धाकट्या बहिणीला हाका मारत होते."