लेसची चौथी बाजू

आधीची स्थळं फिसकटली होती, म्हणून यमूच्या आईने माळशिरसच्या बिजवरालाही होकार कळवला. त्याची पहिली बायको गेल्या वर्षी वारली होती. त्याची आई आज सोलापुरात मुलगी बघायला येणार होती.

त्यांना दाखवायला म्हणून यमू निळ्या साटिनच्या उशीला लेस लावत होती. तीन बाजू झाल्या, तेवढ्यात नळाला पाणी आलं, तशी ती उशी खुर्चीवर ठेवून घागर घेऊन गेली.

परत येऊन बघते तर चौथ्या बाजूलाही लेस लावून झाली होती.

"आई, ही बाजू तू शिवलीस?"

"मला सुई तरी दिसते का आता?" आई आतून म्हणाली.

घरात तिसरं कुणी नव्हतं. यमूने लेसवरून बोट फिरवलं. टाके तिच्या टाक्यांपेक्षा बारीक होते. ती पुढे काही बोलणार, एवढ्यात दाराशी टांगा थांबला.

पाहुण्या बाई शांत होत्या. चहा घेता घेता त्यांनी उशी मांडीवर ओढली आणि कडा निरखू लागल्या. चौथ्या बाजूवर त्यांचा हात थांबला.

"तू डावखुरी आहेस का गं?"

"नाही."

"इथले टाके उलटे कललेत." त्या बराच वेळ बघत राहिल्या. "आमची सून अशीच शिवायची."

बाईंनी उशी अलगद खाली ठेवली, अर्धा चहा तसाच टाकून उठल्या आणि आईचे हात हातात घेतले.

"मुलगी गुणाची आहे," त्या हळूच म्हणाल्या. "आमच्या घरी देऊ नका."